घरात लाकडाची शेगडी बसवताना या चुका टाळा

लाकडावर चालणारी बंद शेगडी घरात बसवणे हे एका सुट्टीच्या दिवसात उरकण्याचे काम आहे, अशा समजुतीने केलेली कामे उकलून पुन्हा करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. शेगडी घेताना लोक तिची काच आणि रंग तासभर न्याहाळतात. कोणत्या बाजूला किती अंतर सोडायचे, हे सांगणारी तिच्या पाठीवरची पट्टी मात्र कोणी वाचत नाही.

पहिली चूक या अंतराचीच आहे. अशी पट्टी किंवा माहितीपुस्तिका नसलेल्या जुन्या शेगडीपासून लाकडी भिंत, कपाट, पडदे अशी जळू शकणारी प्रत्येक वस्तू निदान 90 सेंटीमीटर, आणि एकेरी पत्र्याच्या धुराच्या पाइपपासून निदान 45 सेंटीमीटर लांब असावी. जागा वाचवण्यासाठी यात काटछाट केली जाते आणि विचारले की भिंतीला हात लावून ‘कुठे तापते आहे?’ असे उत्तर मिळते. या हात लावण्याच्या परीक्षेची मला मनापासून चीड आहे, कारण वारंवार तापणारे लाकूड हळूहळू कोळशासारखे होत जाते आणि मग ते ताज्या लाकडापेक्षा बऱ्याच कमी तापमानाला पेट घेऊ शकते. म्हणजे पहिल्या दिवशी निर्धोक वाटलेली भिंत तिसऱ्या हिवाळ्यातही तशीच असेल, असे नाही.

एका घरी शेगडी विझल्यावरही जळका वास येतो, म्हणून मला बोलावले होते. लाकडी फळ्यांच्या भिंतीवर चकचकीत पत्रा थेट स्क्रूने आवळला होता, आणि पत्रा आहे म्हणून शेगडी त्याच्यापासून वीतभर अंतरावर ठेवली होती. ‘दोन हिवाळे काही झाले नाही,’ असे मालक पुन्हा पुन्हा सांगत होते. पत्रा उतरवला तेव्हा मागच्या फळ्या स्क्रूंच्या भोवती काळ्याठिक्कर पडलेल्या होत्या, आणि पेचकस टेकवताच त्याचे टोक पेरभर आत गेले. भिंतीला चिकटवलेला पत्रा उष्णता अडवत नाही, ती मागच्या लाकडाला पोचवतो. पत्रा आणि भिंत यांच्यात किमान 25 मिलिमीटर पोकळी हवी आणि ती खाली व वर उघडी हवी, म्हणजे थंड हवा खालून शिरून तापलेली हवा वरून निघून जाते. पत्र्यामागचे आधारही न जळणारेच हवेत. मी धातूच्या नळीचे छोटे तुकडे वापरतो आणि शेगडी पेटल्यावर पत्र्याच्या वरच्या कडेशी कागदाची पट्टी धरतो. ती फडफडली नाही, तर सगळे पुन्हा उघडतो.

दुसरी चूक पाइपच्या दिशेची. प्रत्येक तुकड्याचे एक टोक चुण्या पाडून अरुंद केलेले असते आणि ते खाली, शेगडीकडे तोंड करूनच बसले पाहिजे. धूर वर जातो म्हणून अरुंद टोक वर, असा तर्क नवखे हमखास लढवतात. पण पाइपमध्ये धूर वर जात असतानाच थंड झालेल्या धुराचा डांबरासारखा चिकट द्रव, म्हणजे क्रिओसोट, खाली ओघळत असतो, आणि टोके उलटी असतील तर तो प्रत्येक सांध्यातून बाहेर झिरपतो. काळ्या ओघळांवर बाहेरून तीन-तीनदा लांबी भरणारे मी पाहिले आहेत. पाइप उतरवून उलटा करण्याचा अर्धा तास मात्र कोणाला सापडत नाही. प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू मारावेत, आडव्या पाइपला चिमणीकडे दर मीटरला निदान दोन सेंटीमीटर चढ द्यावा, आणि जस्ताचा मुलामा असलेला स्वस्त पाइप वापरू नये, कारण फार तापल्यावर जस्ताची विषारी वाफ निघते.

छतातून जाणाऱ्या चिमणीभोवती उत्पादकाने सांगितलेली मोकळी जागा, बहुधा पाच सेंटीमीटर, काचलोकरीने भरू नका. ती रिकामीच ठेवायची असते. चिमणीचे तोंड छपरातून बाहेर पडते तिथपासून किमान 90 सेंटीमीटर वर, आणि तीन मीटरच्या आतल्या छपराच्या प्रत्येक भागापेक्षा 60 सेंटीमीटर उंच असावे. ओले लाकूड जाळू नका, त्यातला ओलावा 20 टक्क्यांच्या आत हवा. स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखा चालू असताना धूर उलटा खोलीत येत असेल, तर दोष शेगडीत नसून बाहेरून हवा येण्याला वाट नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून त्याचा अलार्म लावल्याशिवाय मी काम संपले असे म्हणत नाही.

राख झाकणाच्या धातूच्या बादलीत भरून घराबाहेर, न जळणाऱ्या जमिनीवर ठेवावी, कारण तिच्यातले निखारे काही दिवसही जिवंत राहतात. पहिले दोन-तीन जाळ मात्र अगदी लहान ठेवा आणि खिडकी उघडी ठेवा. रंग पक्का होताना उग्र वास येतो, आणि तो बिघाडाचा नसतो.