नकाशा उघडताना: स्काउट फिरवण्याची पद्धत

एज ऑफ एम्पायर्स 2 हा संगणकावरचा युद्धखेळ नव्याने खेळणारे सर्वांत जास्त दुर्लक्ष करतात ते स्काउटकडे, म्हणजे नकाशा शोधत फिरणाऱ्या घोडेस्वाराकडे. कर्वेनगरात आमचे रविवारचे सामने होतात. तिथे पहिल्यांदा येणारी अभियांत्रिकीची मुले व्हिलेजर (काम करणारे गावकरी) आणि शेते नीट सांभाळतात, पण स्काउटला एखाद्या कोपऱ्यात पाठवून विसरून जातात आणि पुढचा सगळा डाव अंदाजाने खेळतात.

सुरुवातीला टाउन सेंटरभोवतीचे (गावाच्या मुख्य इमारतीभोवतीचे) साधारण 8 टाइल, म्हणजे नकाशाचे चौकोन, दिसतात, तर डार्क एजमधल्या (खेळातल्या पहिल्या युगातल्या) स्काउटची नजर केवळ 4 टाइल पोहोचते. त्यामुळे घोडा टाउन सेंटरला लगटून फिरवल्यास आधीच दिसत असलेली जमीन पुन्हा पाहण्यात वेळ जातो. पहिली फेरी साधारण 12 टाइलांवरून घ्यावी, म्हणजे स्काउटच्या नजरेची आतली कड टाउन सेंटरच्या नजरेला भिडते आणि त्याला दिसणारा संपूर्ण पट्टा नवा असतो. शिफ्ट दाबून पुढचे थांबे आधीच लावून ठेवले की हात व्हिलेजरसाठी मोकळा राहतो. खेळातल्या अरेबिया नावाच्या नकाशावर आपल्या वाट्याच्या 8 मेंढ्या असतात. चार जवळ आणि उरलेल्या दोन जोड्या काहीशा दूर. शेवटची जोडी सापडेपर्यंत शोध सोडू नये, कारण ती प्रतिस्पर्ध्याच्या स्काउटला आधी दिसली तर त्याची होते. दोन रानडुकरे, बोरांची झुडपे, सोने आणि दगड यांच्या जागा याच फेऱ्यांमध्ये लक्षात घ्याव्यात.

त्यानंतर प्रतिस्पर्ध्याच्या गावाकडे वळावे. तिथे जपून फिरावे लागते, कारण आत व्हिलेजर शिरलेल्या टाउन सेंटरच्या बाणांचा पल्ला 6 टाइल, म्हणजे स्काउटच्या नजरेपेक्षा जास्त असतो. गावात काय बघायचे हे आधी ठरवूनच जावे: डार्क एजमध्येच बॅरॅक्स उभी असून सोन्यावर व्हिलेजर दिसले तर मिलिशियाच्या (सुरुवातीच्या पायदळाच्या) हल्ल्याची तयारी करावी, फ्यूडल एजमध्ये (दुसऱ्या युगात) आर्चरी रेंज आणि सोने दिसले तर तिरंदाज येणार, तबेला आणि शेतेच वाढत असतील तर स्काउटांची टोळी, कारण स्काउटला सोने लागत नाही.

माझ्या मते खरी फसगत नकाशाच्या काळ्या, अजून न पाहिलेल्या भागात होत नाही, ती धूसर, म्हणजे एकदा पाहून नजरेआड गेलेल्या भागात होते. काळा भाग अज्ञात आहे हे डोळ्यांना दिसते. धूसर भागात मात्र आपण शेवटचे पाहिले तेव्हाचेच चित्र टिकून राहते. पाच मिनिटांपूर्वी मोकळी दिसलेली लाकूडतोडीमागची जागा आजही तशीच दिसते, पण तिथे एव्हाना शत्रूचा मनोरा उभा असू शकतो. म्हणून फ्यूडल एजमध्ये, स्काउटची नजर 6 टाइलांवर गेल्यावर, त्याच वाटा पुन्हा तपासाव्यात.

2010 मध्ये आलेल्या स्टारक्राफ्ट 2 या दुसऱ्या युद्धखेळामध्ये उंचीचीही भर पडते. पर्वतीच्या पायथ्याशी उभे राहून वर देवळाच्या आवारात कोण आहे हे दिसत नाही, तसेच तिथल्या जमिनीवरच्या सैनिकांना चढावरचे सैन्य दिसत नाही. त्यासाठी ओव्हरलॉर्डसारखे उडणारे युनिट सोबत न्यावे. सीज टँकच्या (लांबवर मारा करणाऱ्या रणगाड्याच्या) बाबतीत हे अधिकच महत्त्वाचे ठरते: रोवून ठेवलेल्या टँकचा मारा 13 पर्यंत जातो, पण त्याची स्वतःची नजर 11 वरच थांबते, त्यामुळे त्याच्या पुढे एखादा मरीन (पायदळ सैनिक) उभा केल्याशिवाय पूर्ण पल्ला वापरता येत नाही.