लेकराच्या वाटीत पाणी किती, वरण किती?

सहा महिने पूर्ण होईपर्यंत लेकराला फक्त आईचं दूध. उन्हाळ्यातही वरचं पाणी नको. घोटाळा सातव्या महिन्यात सुरू होतो. वरण गंजात खाली बसतं अन् लेकराच्या वाटीत येतं वरचं पिवळं पाणी. पोट टम्म, वजन जागच्या जागी. चमचा तिरपा करून बघा: धार लागली तर पातळ, चमच्याला धरून राहिलं तर बरोबर.

सुरुवात दोन-तीन चमच्यांनी, दिवसातून दोन-तीनदा. आठ महिने संपेपर्यंत एका वेळी अर्ध्या वाटीवर या. नवव्या महिन्यापासून तेवढंच तीन-चारदा, वर्षानंतर पाऊण ते एक वाटी. वाटी 250 मिलीची धरा. अंगावरचं दूध दोन वर्षं चालूच.

घट्ट दिलं की लेकरू थुंकतं, ही तक्रार खरी आहे. त्यावर मोडाचं पीठ. ज्वारी रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात दीड-दोन दिवस बांधा, उन्हात खडखडीत वाळवा, मग चोळून मोड अन् मुळं झाडून टाका. ज्वारीच्या कोंबात विषारी द्रव्य असतं, ही पायरी गाळू नका. मंद आचेवर हलकंच भाजा. करपलं की मोडाचा गुण जातो. दोन वाट्या ज्वारीला एक वाटी भाजलेली मूगडाळ, अर्धी वाटी भाजलेले फल्लीदाणे, सगळं बारीक दळा. तीन मोठे चमचे पीठ 150 मिली पाण्यात शिजवा, वर लहान चमचाभर तेल. याच मापाच्या साध्या पिठाचा गोळा होतो, मोडाचं सैल राहतं. दाण्यांमुळे पीठ लवकर खवट होतं, म्हणून पंधरा दिवसांपुरतंच करा. कापूस वेचणीला जाताना शिजवलेलं झाकून ठेवण्यापेक्षा कोरडं पीठ घरच्यांच्या हाती द्या. अन् बिस्किटाचा पुडा? तो भूक मारतो, बाकी काही करत नाही.

अंगणवाडीत दंडाला पट्टी लावतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकराचा दंड 11.5 सेंमीच्या आत आला तर ते तीव्र कुपोषित. घरगुती उपाय करत न बसता दवाखाना गाठा.

वयात आलेल्या मुलींना आठवड्याला एक निळी लोहगोळी मिळते. ती चहासोबत घेतली की निम्मी वाया. भाकरीबरोबर चवळी किंवा शेवग्याची भाजी, त्यावर लिंबू पिळलेलं असलं की लोह जास्त अंगी लागतं, चहा तासाभराने. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो, त्यामुळे आधी ती तपासणी. आजार निघाला तर लोहाची गोळी डॉक्टरांना विचारूनच.

गरोदरपणात चौथ्या महिन्यापासून 180 दिवस रोज लोहाची लाल गोळी, बाळंतपणानंतर आणखी 180. शौच काळी होते, त्याला घाबरून गोळी सोडू नका. कॅल्शियमची गोळी दोन तासांच्या अंतराने घ्या. ‘बाळ मोठं होईल, कमी खा’ हे ऐकू नका. हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेलं की धोका बाईला अन् बाळाला, दोघांनाही.

म्हाताऱ्यांचे दात गेले की जेवण चहा-भाकरीवर येतं. पिठलं, मऊ खिचडी, ताक, जमल्यास उकडलेलं अंडं द्या. भाकर चहाऐवजी वरणात कुस्करा.