एमएसचं पुढे काय होणार, याचा अंदाज कसा बांधायचा

एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार, निघाला की घरात पहिला प्रश्न हाच, दहा वर्षांनी चालता येईल ना. छातीठोक उत्तर कुठलाच न्यूरोलॉजिस्ट देणार नाही, कोणी दिलंच तर मी तरी दुसऱ्याकडे जाईन. पण अंदाज बांधता येतो आणि त्यासाठी लागणारं बरंचसं आपल्याच फाइलीत असतं.

आधी पहिला अटॅक, म्हणजे एमएसचा पहिल्यांदा उसळलेला त्रास, बघा. एका डोळ्याने धूसर दिसलं किंवा नुसता बधिरपणा, मुंग्या आणि नंतर सगळं भरून आलं, तर त्यातल्या त्यात बरं. पाय लुळा पडला, तोल गेला, लघवीचा त्रास झाला, बरं होऊनही कसर राहिली, पहिल्या दोन वर्षांत लागोपाठ अटॅक आले, पेशंट पुरुष किंवा चाळिशीपुढचा, तर सुरुवातीलाच जोरदार औषधाचा विषय काढा. यातलं एखादं जुळलं म्हणून लगेच व्हीलचेअरचे भाव काढू नका, हे सगळं एकत्र धरून बघायचं असतं.

एमआरआयमध्ये डाग किती यापेक्षा कुठे ते विचारा, मज्जारज्जू आणि ब्रेनस्टेममधले (मेंदूचा खालचा, मज्जारज्जूला जोडणारा भाग) जास्त त्रासदायक. औषध लागू पडायला वेळ द्यायचा, मग काढलेला एमआरआय बेस धरून पुढचे त्याच्याशी ताडतात, म्हणून सीडी जपा, नुसत्या रिपोर्टच्या कागदावर भागत नाही.

ईडीएसएस, म्हणजे एमएसने किती अपंगत्व आलंय ते मोजायची पट्टी, तिचा आकडा दर व्हिजिटला विचारून लिहून ठेवा. 0 ते 10 असतो, 6 म्हणजे 100 मीटर चालायला काठी लागते. घरी पॅसेजमध्ये 25 फुटांवर खडूने रेघ मारा, दर तीन महिन्यांनी त्याच चपला घालून भरभर चाला, मोबाइलवर वेळ लावा. 20 टक्क्यांनी वेळ वाढला आणि तसाच राहिला तर डॉक्टरला दाखवा. ताप असताना किंवा मे महिन्याच्या दुपारी नको, उष्णतेने तात्पुरतं बिघडतं, तो अटॅक नव्हे. अटॅक म्हणजे ताप-इन्फेक्शन नसताना 24 तासांपेक्षा जास्त टिकणारा त्रास.

नेटवर '15 वर्षांत काठी' वाचून हबकू नका, तो आकडा कॅनडातल्या 1989 च्या अभ्यासातला, तेव्हा एमएसची आजची औषधंच नव्हती, एमएसवरचं पहिलं औषध, इंटरफेरॉन, अमेरिकेत 1993 ला आलं.

आणि सिगरेट ओढत असाल तर बंद, ती तरी आपल्या हातात आहे.