सात मात्रांचं हार्ड रॉक: ‘बियेलो दुग्मे’ ऐकायला कुठून सुरुवात करायची

हार्ड रॉकमध्ये लोकसंगीत म्हटलं की बऱ्याचदा काय मिळतं, तर सुरुवातीला दहा सेकंद बासरी आणि मग नेहमीचंच गिटार, म्हणजे लोकसंगीत फक्त तोंडी लावायला. ‘बियेलो दुग्मे’ तसं नाहीये म्हणून मला हा बँड इतका आवडतो. तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या साराजेवोचा बँड, नावाचा अर्थ पांढरं बटण, गिटारवर गोरान ब्रेगोविच आणि गाणीही बहुतेक त्याचीच. 1974 ला पहिला अल्बम आला तेव्हाच या प्रकाराला तिकडे ‘धनगरी रॉक’ असं नाव पडलं होतं, आपल्याला ते नाव लगेच कळतं बघा.

पण सुरुवात 1974 पासून करू नका. 1984 चा अल्बम घ्या, बँडच्याच नावाचा आहे. कव्हरवर उरोश प्रेडिचचं चित्र आहे, कोसोवोच्या लढाईनंतर जखमी सैनिकाला पाणी पाजणारी मुलगी, आणि लोक अल्बमला त्या चित्राच्याच नावाने ओळखतात. गायला म्लादेन वोयिचिच म्हणजे तिफा आहे आणि बँडसोबतचा त्याचा हा एकच स्टुडिओ अल्बम. अल्बम उघडतो तो थेट युगोस्लाव्हियाच्या राष्ट्रगीताने. पुढे लादारित्से हा बायकांचा कोरस आहे, स्कोप्ये रेडिओ-टीव्हीचा लोकवाद्यांचा ऑर्केस्ट्रा आहे, म्हणजे मॅसेडोनियाची (तेव्हा युगोस्लाव्हियाचाच भाग) माणसं खरोखर स्टुडिओत आणून वाजवून घेतलंय.

आता ऐकायच्या आधी पाच मिनिटं एक काम करा. मॅसेडोनियात लेस्नोतो नावाचा नाच आहे, हात धरून रांगेत नाचतात, आणि त्याचा ठेका सातचा, तीन-दोन-दोन. हे आपलं रूपकच झालं की! तीं तीं ना, धी ना, धी ना. मांडीवर हाताने धरा. फरक एवढाच की रूपकात समेवर खाली येते, हात हवेत जातो, आणि तिकडे पहिल्याच लांब पावलावर वजन पडतं. त्यामुळे पहिल्या मात्रेला जोरात टाळी द्या आणि लांब-आखूड-आखूड असं मनात म्हणत रहा. चार मोजायची सवय लागलेल्या कानाला हे अडखळल्यासारखं वाटतं पण आपल्याला भजनात तबला ऐकून हे आधीच माहीत असतं, फक्त तो धागा जोडायचा असतो. हा ठेका एकदा अंगात भिनला की मॅसेडोनियाच्या वळणाची गाणी आपोआप उलगडतात.

वाद्यांचंही तसंच. तिकडचं तपान म्हणजे खांद्याला अडकवलेला मोठा ढोल, एका बाजूला जाड काठी, दुसऱ्या बाजूला बारीक छडी. झुर्ला ही सनईची बहीण, जोडीने वाजते, एक चाल वाजवते आणि दुसरी नुसता सूर धरते. सनई-चौघडा आठवला ना?

स्वतः बँडमध्ये वाजवत असाल तर इथे शिकण्यासारखं खूप आहे. पॉवर कॉर्डमध्ये फक्त मूळ स्वर आणि पंचम असतो, गंधार नसतो, कारण जास्त डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाटका केला की, गंधार गढूळ होतो. म्हणजे तुमच्या हातात जवळपास तानपुराच आहे, आणि त्यावर कोमल रिषभ आणि शुद्ध गंधार असलेली चाल सुद्धा बिनदिक्कत बसते. ड्रमरला सांगा की किक एकवर आणि स्नेअर चार आणि सहावर. सुरुवातीला हळू वाजवा, अगदी हळू, आणि सात मात्रा ओढूनताणून आठ करू नका, नव्या बँडकडून हमखास हेच होतं आणि नाच तिथेच मरतो. चाल आधी गिटारवर नाही तर तोंडाने गाऊन बसवा. गाता आली नाही तर ती लोकसंगीताची चाल नाही असं मी तरी मानते.

1984 पचलं की 1986 चा अल्बम घ्या. गायला आलेन इस्लामोविच, हा ‘दिव्ल्ये यागोदे’ या हेवी मेटल बँडमधून आलेला, उंच पट्टीचा आवाज, ऐंशीच्या दशकातल्या मोठ्या केसांच्या बँडच्या सर्वात जवळ दुग्मे इथे येतात, पूर्ण ग्लॅम मेटल मात्र नाही म्हणता येणार. मग 1988 चा ‘चिरिबिरिबेला’, शेवटचा स्टुडिओ अल्बम, ज्यात फेयात सेयदिचचा ट्रम्पेट ऑर्केस्ट्रा आहे आणि एका गाण्यात क्रोएशियाचं राष्ट्रगीत आणि सर्बियाचं पहिल्या महायुद्धातलं गाणं एकमेकांत गुंफलंय. हे ऐकताना तारीख लक्षात ठेवा. 1989 ला बँड थांबला, 1991 ला युगोस्लाव्हिया, म्हणजे क्रोएशिया, सर्बिया सगळे ज्यात होते तो देश, फुटायला लागला आणि 1992 ला साराजेवोला वेढा पडला. ते गुंफलेलं गाणं हेडफोन लावून, दुसरं काहीही न करता, दोनदा ऐका.