डच सामासिक शब्द उच्चारताना या चुका टाळा

नेदरलँड्समध्ये राहून डच शिकणाऱ्या मराठी माणसाचं व्याकरण पक्कं असलं, तरी एखाद्या लांब शब्दाशी समोरचा माणूस अडतो आणि 'काय म्हणालात?' असं विचारतो. दोष बहुतेक वेळा एकाच ठिकाणी असतो: शब्दाचा सांधा, म्हणजे त्याचे दोन घटक जुळतात ती जागा, कुठे आहे, हे आपण आधी पाहिलेलं नसतं.

आपली खास मराठी चूक 'ह'ची. ख, ढ, फ हे आपल्याला एकसंध वर्ण वाटतात. म्हणून पहिला घटक व्यंजनावर संपला आणि दुसरा 'ह'ने सुरू झाला, की दोन्ही एकात मिसळतात. पुस्तकांचं दुकान म्हणजे 'बूक-हांडल', त्याचं 'बूखांडल' होतं. मुलाला शाळेतून आणणं म्हणजे 'ऑप-हालन', त्याचं 'ऑफालन'. आइंडहोव्हन शहराचं तर सर्रास 'आइंढोव्हन'. डचमध्ये अशी महाप्राण, म्हणजे 'ह' मिसळलेली व्यंजनं नाहीतच, त्यामुळे ऐकणाऱ्याला सांधा सापडत नाही. पहिला घटक पुरा करा, मग 'ह' मोकळा सोडा. घटकाच्या शेवटचा 'ड' कठोर होतो, म्हणून 'एइन्ट-होव्हन'. रुमालाच्या 'झाक-डूक'मध्ये मात्र उलटं घडतं: पुढच्या 'ड'मुळे 'क'चा चक्क आपला 'ग' होतो, 'झाग-डूक'.

आता आघात. मराठीत आपण सगळी अक्षरं जवळपास सारख्याच जोराने म्हणतो. डचमध्ये ते चालत नाही. जोर सहसा पहिल्या घटकावर येतो. इस्पितळाच्या 'झीकन-हाउस'मध्ये तो 'झी'वर आहे, पण नगरपालिकेच्या 'स्टाट-हाउस'मध्ये 'हाउस'वर! आइंडहोव्हनचा आघात सुरुवातीला, आम्स्टेलव्हेन आणि आम्स्टरडामचा शेवटी. असे अपवाद पाठच करावे लागतात. नवा शब्द वहीत उतरवतानाच जोराच्या अक्षराखाली रेघ मारा.

क्रियापदांत तर अर्थच बदलतो. 'व्होरकोमन'मध्ये 'व्होर'वर जोर दिला तर 'घडणं, आढळणं'. 'को'वर दिला तर 'होऊ न देणं'. पहिलं भूतकाळात तुटतं, 'क्वाम व्होर'. दुसरं अखंड राहतं, 'व्होरक्वाम'.

लिहिताना ओळीच्या शेवटी शब्द तोडायचा झाला, तर तोही सांध्यावरच तोडावा. एकाच स्पेलिंगचा शब्द 'डेइक-राम्प' असा तोडला तर बांध फुटून आलेली आपत्ती, 'डेइ-क्राम्प' असा तोडला तर मांडीत आलेला गोळा. संगणक आपोआप शब्द तोडतो तेव्हा अशा जागा छापण्याआधी स्वतः तपासा.