हॉबमधल्या स्ट्रक्चरमध्ये यूआयएनटीएन नको
यूईएफआय फर्मवेअरमध्ये, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या कोडमध्ये, ‘यूआयएनटीएन’ हा पूर्णांकाचा प्रकार लिहायची सवय पटकन लागते. मात्र त्याची रुंदी ३२ बिट कोडमध्ये ४ बाइट, तर ६४ बिट कोडमध्ये ८ बाइट असते. एक्स६४ वरच्या बऱ्याच फर्मवेअरमध्ये पीईआय हा सुरुवातीचा टप्पा ३२ बिटमध्ये आणि त्यानंतरचा डीएक्सई टप्पा ६४ बिटमध्ये चालतो. पीईआयने हॉबमध्ये (पुढच्या टप्प्याकडे माहिती सोपवणाऱ्या ब्लॉकमध्ये) ठेवलेल्या स्ट्रक्चरमध्ये यूआयएनटीएन किंवा पॉइंटर असला, तर डीएक्सई त्यापुढची फील्ड भलत्याच जागेवरून वाचतो. कंपायलर चकार शब्द काढत नाही. तो दोन्ही बाजू वेगवेगळ्याच कंपाइल करतो ना!

तिथे यूआयएनटी३२ किंवा यूआयएनटी६४ वापरा. पत्त्यासाठी ‘ईएफआय फिजिकल अ‍ॅड्रेस’ घ्या, तो कायम ६४ बिटच असतो. ६४ बिटची फील्ड ८ च्या पटीतल्या ऑफसेटवर ठेवा आणि स्ट्रक्चरच्या आकारावर स्टॅटिक असर्ट, म्हणजे कंपाइल होतानाच होणारी तपासणी, लावा. लोक नेमकं तेच टाळतात.

स्थिरांकांतही एक खोच आहे. ईडीके२ या यूईएफआयच्या ओपन सोर्स कोडमधला ‘बिट३१’ ३२ बिटचा अनसाइन्ड आहे. त्याचं टिल्ड (~, म्हणजे सगळे बिट उलटे) घेऊन ६४ बिट रजिस्टरशी अँड केलं, की वरचे ३२ बिट गुपचूप शून्य होतात. बिट३० ला हा त्रास नाही, म्हणून शंकाही येत नाही. टिल्डच्या आधीच बिट३१ ला यूआयएनटी६४ मध्ये कास्ट करा.