रात्रपाळीचे तास एक्सेलमध्ये कसे जुळवले

लातूरच्या एमआयडीसीत आमच्या डाळमिलची हजेरी न् पगार मी एक्सेलवर ठेवतो. तुरीचा सीझन आला की रात्रपाळी लागते आणि तिथूनच कटकट. रात्री 10 ला आलेला माणूस सकाळी 6 ला गेला, तर जाण्याच्या वेळेतून येण्याची वेळ वजा केल्यावर सेलभर नुसत्या जाळ्या, #####. कॉलम कितीही रुंद करा, तेच.

एक्सेल वेळेला दिवसाचा अपूर्णांक धरतं. दुपारचे 12 म्हणजे 0.5, सकाळचे 6 म्हणजे 0.25. त्यातून रात्री 10 चे 0.9167 गेले की उत्तर उणे, आणि उणे वेळ त्याला सहसा दाखवता येत नाही. म्हणून ती वजाबाकी मॉड (MOD, भागाकारातली बाकी देणारं) फंक्शनमध्ये घातली, भाजक 1 दिला. आले 8:00! दिवसपाळीलाही हेच सूत्र चालतं.

आठवड्याची बेरीज वेगळंच दुखणं. 48 तासांच्या जागी 0:00. दर 24 तासांनी आकडा शून्यावर जातो. खरं तर आत बेरीज बरोबर असते, दिसते चुकीची. फॉरमॅट सेल्समध्ये कस्टम घेऊन तासाचं अक्षर h चौकटी कंसात टाकलं, म्हणजे [h]:mm, की 48:00 दिसतं. आमचे मुकादम अजून वहीतच टिपतात, टिपू द्या, ताळा घ्यायला बरं पडतं.

पगार काढताना तासांना थेट दराने गुणू नका, आधी 24 ने गुणा. नाहीतर 60 रुपये दराने 8 तासांचे 480 ऐवजी 20 रुपये निघतात. त्या सेलचं फॉरमॅट नंबर ठेवा, वेळेचं नको.